ताईचं पाऊल आणि समुद्रपूरचा रस्ता

मैत्रिणींनो, बांगडीचं माप तुम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. ब्लाउजची उंची, बाहीचा घेर, चपलेचा नंबर, धाकट्याच्या शाळेच्या गणवेशाची लांबी, सगळं तोंडपाठ. पण चालताना तुमचं एक पाऊल किती लांब पडतं, असं कुणी विचारलं तर? मलाही सांगता आलं नसतं. गेल्या दिवाळीनंतर समुद्रपूरला माझ्या ताईकडे आठ दिवस राहून आले आणि आता मी हे माप अगदी इंच-इंच सांगू शकते. एवढंच नव्हे, ताईच्या पावलाच्या मापावरून आमच्या घरात केवढी चक्रं फिरली तेही सांगू शकते. म्हणून तर हा लेखनप्रपंच!

समुद्रपूरला निघाले म्हटलं की आमच्या अकोल्यातल्या शेजारणी हमखास विचारतात, "कोकणात का हो?" नावात समुद्र आहे खरा, पण गाव आपल्या वर्धा जिल्ह्यातलं. तालुक्याचं ठिकाण. समुद्र तिथून शेकडो कोस. मी वर्ध्यापर्यंत रेल्वेने गेले, पुढे एस.टी.ने हिंगणघाट आणि तिथून दुसऱ्या बसने समुद्रपूर. दिवाळीनंतर या बाजूला जावं हो! काळ्याभोर जमिनीत कापूस फुटलेला असतो, तुरीला पिवळा फुलोरा आलेला असतो, बायका ओटीत कापूस वेचत असतात. बसच्या खिडकीला डोकं टेकून बघत राहावं.

ताई माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी, त्रेसष्टीची. साखरेचा त्रास तिला पाच-सहा वर्षांपासून. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलेलं आणि ताई म्हणजे एकदा मनावर घेतलं की घेतलं. बॅग खाली ठेवते न ठेवते तोच तिने मनगट पुढे केलं. "हे पाह्य! रोज पाच किलोमीटर चालून राहिली मी. सात हजार पावलं झाल्याशिवाय चहा घेत नाही."

घड्याळ मुलाचं होतं. त्याने पुण्यात नवीन घेतलं, जुनं आईला दिलं. ताई ते काकणांच्या पुढे घालते आणि भजनाच्या बायकांना मोठ्या कौतुकाने दाखवते.

पण कौतुकाच्या मागे एक काळजी होती, ती रात्री भाकरी थापताना बाहेर आली. एवढं चालूनही तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा उतरत नव्हता. डॉक्टरांनी विचारलं, "चालता ना?" हिने घड्याळ दाखवलं, "रोज पाच किलोमीटर." मग डॉक्टर तरी काय करणार? पुढच्या तपासणीला गोळी वाढवू म्हणाले. ताईने ते मनाला लावून घेतलं होतं. "आईचं असंच झालं होतं व," म्हणाली आणि तव्याकडे बघत राहिली. आमची आई याच आजाराने गेली. त्यामुळे पुढे दोघीही काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मीही तिच्याबरोबर चालायला निघाले. निघाले कसलं, जिना चढले. कारण ताई चालते ती गच्चीवर! रस्त्यावर कुत्री असतात, ट्रॅक्टर असतात, शिवाय आदल्या पावसाळ्यात ती अंगणात घसरून पडली होती, तेव्हापासून रस्ता नको असंच तिने ठरवलेलं. आम्ही दोघी गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, घाण्याच्या बैलासारख्या, गप्पा मारत फिरलो. खाली उतरलो तेव्हा ताईचं घड्याळ म्हणालं पाच किलोमीटर आणि माझा फोन म्हणाला पावणेचार.

आता सांगा, गच्ची एक, फेऱ्या बरोबरीने घातलेल्या, मग सव्वा किलोमीटर गेला कुठे?

"तुझा फोन जुना झाला," ताई म्हणाली. "तुझं घड्याळ लेकाचं लाडकं, म्हणून जास्त देतं," मी म्हटलं. आमची जुंपलेली बघून भाऊजींनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. भाऊजी भूगोलाचे शिक्षक, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी फळा मिळाला नाही की त्यांना चैन पडत नाही. "तुम्ही दोघी यंत्रांची भांडणं लावता," म्हणाले, "पण यंत्राला काय माहीत तुमचं पाऊल केवढं?"

आणि मग त्यांनी जे समजावलं ते मी तुम्हाला माझ्या शब्दांत सांगते. मनगटावरचं घड्याळ अंतर मोजतच नाही. ते फक्त हिसके मोजतं. हात हलला, शरीर वरखाली झालं की एक पाऊल. त्या पावलांना एका पावलाच्या लांबीने गुणलं की झाले किलोमीटर. मोकळ्या रस्त्यावर काही घड्याळं आणि फोन उपग्रहावरूनही अंतर काढतात, ते बरंच नेमकं असतं. पण गच्चीवर, घरात, बाल्कनीत येरझारा घालताना सगळा भरवसा त्या गुणाकारावर. आणि गुणायची लांबी घड्याळाला कुठून मिळते? आपण भरलेल्या उंचीवरून. बाईच्या उंचीला ०.४१३ ने आणि पुरुषाच्या उंचीला ०.४१५ ने गुणायचं, असा एक सर्रास वापरला जाणारा ठोकताळा आहे.

"मग घड्याळात उंची कुणाची आहे?" मी विचारलं.

सगळे एकदम गप्प झाले! कारण घड्याळ मुलाचं. उंची त्याची, १७५ सेंटिमीटर. वय त्याचं, तो पुरुष हेही तसंच. म्हणजे माझी ठेंगणी ताई, १५२ सेंटिमीटरची, सहा महिने आपल्या लेकाच्या ढांगांनी चालत होती. सुमारे साडेबहात्तर सेंटिमीटरचं एक पाऊल!

"मंग माझं किती?" ताईने विचारलं. भाऊजी म्हणाले, "ते मोजूनच बघू. ठोकताळा नको."

या मुलखात मोजमापाची गोष्ट निघाली की भाऊजींना एक नाव आठवतंच, ते म्हणजे विल्यम लॅम्बटन. तुम्ही हिंगणघाटला गेलात तर विचारा, या इंग्रज मोजणीदाराचं थडगं तिथे आहे. याने १८०२ साली मद्रासजवळ साडेसात मैलांची एक सरळ रेघ मोजायला घेतली, पोलादी साखळीने. शंभर फुटांची साखळी, तिला अडीच-अडीच फुटांच्या चाळीस कड्या. उन्हाने पोलाद वाढतं, म्हणून साखळी लाकडी पेट्यांत ठेवून, उष्णतामापक लावून, वाढलेला केसभर फरकसुद्धा हिशेबात धरायचा. नुसती ती रेघ मोजायला कित्येक आठवडे लागले. पुढे वीस वर्षं हा माणूस अर्ध्या टनाचं कोनमापक यंत्र घेऊन दक्षिणेतून मोजत मोजत वर आला आणि हैदराबादहून नागपूरला जाताना १८२३ च्या जानेवारीत हिंगणघाटला वारला. त्याचं काम जॉर्ज एव्हरेस्टने पुढे नेलं. हो हो, तोच, ज्याच्या नावाचं शिखर आहे! मी इतक्यांदा हिंगणघाटला बस बदलली, चहा प्याले, पण आपण कुठे उभ्या आहोत याचा पत्ता नव्हता.

आमच्याकडे लॅम्बटनची साखळी नव्हती. पण सरकारने रस्त्याच्या कडेला दगड रोवून ठेवलेत ना! किलोमीटरचा मोठा दगड सगळ्यांना ठाऊक असतो. पण दोन मोठ्या दगडांच्या मध्ये दर २०० मीटरवर छोटे दगडही असतात, त्यांच्यावर २, ४, ६, ८ असे आकडे. मी जन्मभर ते बघितले आणि कधी विचारलं नाही की हे कशाचे. दुसऱ्या दिवशी उजाडताना भाऊजी पुढे काठी घेऊन, मागे आम्ही दोघी, असे जामकडे जाणाऱ्या रस्त्याला लागलो. एक छोटा दगड गवतात पार बुडाला होता, तो भाऊजींनी काठीने उकरून काढला. थंडी बेताची होती. कापूस वेचायला निघालेल्या दोघी-तिघी बायका डोक्यावर फडकी बांधून चालल्या होत्या. त्यांच्यातली एक थांबून म्हणाली, "काय हरवलं का बाई?"

"माझं पाऊल," ताई म्हणाली.

आता मोजायचं कसं ते नीट वाचा, कारण यात गंमत आहे. दगडापाशी उभं राहून पाऊल टाकायला सुरुवात करायची नाही. सुरुवातीची चार पावलं नेहमी आखूड पडतात आणि थांबतानाही तसंच होतं. म्हणून दगडाच्या दहा-पंधरा पावलं मागून निघायचं, दगड ओलांडला की एक म्हणायचं आणि पुढचा दगड ओलांडूनही थोडं चालत राहायचं. मोजताना कुणाशी बोलायचं नाही (हे आम्हा दोघींना सगळ्यात जड गेलं). नेहमीचीच चप्पल किंवा बूट, नेहमीचीच साडी किंवा पंजाबी ड्रेस. आणि कुणी मोजतंय म्हणून ढांगा टाकायच्या नाहीत! पहिल्या खेपेला ताईने तेच केलं. सासरी पहिल्यांदा पोळी लाटताना सून जशी जास्तच गोल लाटते, तसं. भाऊजींनी ती खेप रद्द केली.

मग खऱ्या तीन खेपा झाल्या. ३८१, ३८६ आणि ३७९ पावलं. सरासरी ३८२. दोनशे मीटर म्हणजे वीस हजार सेंटिमीटर, भागिले ३८२. उत्तर बावन्न सेंटिमीटर आणि वर थोडं. माझी पावलं झाली ३३२, म्हणजे साठ सेंटिमीटर.

रस्त्याच्या कडेलाच भाऊजींनी काठीने मातीत गुणाकार मांडला. सात हजार पावलं, बावन्न सेंटिमीटरची. तीन किलोमीटर सहाशे चाळीस मीटर. ताई त्या आकड्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता रडते. पण ती म्हणाली, "म्हणजे मी डॉक्टरले खोटं सांगून राहिली होती तर."

"तू नाही, घड्याळ," मी म्हटलं. पण तिचा चेहरा काही खुलला नाही.

परतताना मला दुसरीच गोष्ट खटकत होती. ठोकताळ्याप्रमाणे ताईच्या उंचीला जवळजवळ त्रेसष्ट सेंटिमीटर पाऊल पडायला हवं होतं. माझी उंची तिच्यापेक्षा फार नाही. लहानपणी तर शाळेत जाताना मी तिच्यामागे धावत असे, "ताई, थांब ना गं" म्हणत. मग दहा सेंटिमीटर गेले कुठे? ठोकताळा ढोबळ असतो हे कबूल. पण दहा? मी मागे राहून तिचं चालणं बघितलं. उजवं पाऊल ती पुरतं टाकत होती आणि डावं जेमतेम त्याच्या जोडीला आणत होती. नजर सतत जमिनीवर. चपलेचा अंगठा सैल, ती निसटू नये म्हणून बोटं आवळलेली. पडल्यापासून गुडघा दुखतो हे तिने कुणाला सांगितलंच नव्हतं. का, तर "एवढ्याशासाठी काय सांगायचं?" आपण बायका ना! दूध उतू गेलेलं आपल्याला शेजारच्या खोलीतून कळतं, पण स्वतःचं पाऊल आखूड झालेलं कळत नाही.

मुलाला फोन झाला. तो बिचारा इतका ओशाळला की त्याच रात्री फोनवरून एकेक पायरी सांगत त्याने आईचं वय, उंची, वजन सगळं घड्याळात भरून घेतलं. पावलाची लांबी स्वतः भरायची सोय बऱ्याच घड्याळांत आणि फोनमध्ये असते, तिथे ५२ घातलं. इथे एक सावधगिरी. काही ठिकाणी एका पावलाची लांबी मागतात, तर काही ठिकाणी जोडपावलाची, म्हणजे उजव्या टाचेपासून पुन्हा उजव्या टाचेपर्यंतची. तुमच्या घड्याळात आधीपासून भरलेला आकडा शंभरच्या वर दिसला तर समजा की जोडपाऊल मागितलंय, तिथे दुप्पट घाला. हा घोळ नवा नाही. मैल हा शब्द ज्या रोमन लोकांकडून आला, त्यांचा मैल म्हणजे हजार पावलं, पण ती जोडपावलं!

दोन दिवसांनी आम्ही तिघं डॉक्टरांकडे गेलो. ताईने सगळं सांगितलं, गुडघ्याचंही. डॉक्टरांनी तिला चालून दाखवायला लावलं, गुडघा तपासला, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम शिकून घ्यायला सांगितलं आणि चप्पल टाकून मागून बंद असलेले, न घसरणारे बूट घ्या म्हणाले. गोळी वाढवायचं तीन महिने पुढे ढकललं. हा निर्णय डॉक्टरांचा बरं का! घड्याळ बघून आपल्या मनाने गोळी कमी-जास्त करण्याचा वेडेपणा कुणी करू नका. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, जिला पावलाची लांबीही लागत नाही. मिनिटाला शंभर पावलांच्या आसपास पडली तर ते जरा झपाझप चालणं समजतात. आमच्या गच्चीवरच्या सात हजार पावलांना ऐंशी मिनिटं लागत होती, म्हणजे मिनिटाला सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी. आणि गच्चीला दर वीस पावलांवर वळण! वळताना पाऊल आखडणारच. चालणं कसलं, ती शतपावलीच.

दहा हजारांचं म्हणाल, तर तो आकडा कुणा वैद्याने काढलेला नाही. टोकियोला १९६४ साली ऑलिंपिक झालं, त्यानंतर तिथल्या एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र १९६५ साली विकायला काढलं आणि त्याचं नावच ठेवलं 'मानपो-केई', दहा हजार पावलांचं मीटर. आकडा गोल होता, लोकांच्या ओठांवर बसला. पुढे अमेरिकेत सोळा हजारांहून अधिक वयस्क बायकांचा अभ्यास झाला, सरासरी वय ७२, तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला ४,४०० पावलांच्या आसपास चालणाऱ्या बायकांत मृत्यूचं प्रमाण २,७०० वाल्यांपेक्षा बरंच कमी आढळलं आणि साडेसात हजारांच्या पुढे फायदा वाढत गेलेला दिसला नाही. आता ज्या मुळात धडधाकट त्याच जास्त चालतात, हेही खरंच. पण दहा हजार झाले नाहीत म्हणून रात्री अकरा वाजता स्वयंपाकघरात येरझारा घालणाऱ्या मैत्रिणींनी हे जरूर वाचावं.

तुमच्याकडे घड्याळच नसेल तर? काही अडत नाही. लॅम्बटनच्या त्या मोजणी खात्याने पुढे एका कुमाऊंच्या शाळामास्तरांना, नैनसिंग रावत यांना, पावलं मोजत तिबेटात पाठवलं होतं. गोऱ्या माणसाला तिथे मज्जाव होता. दोन हजार पावलांचा मैल पडावा असं एकसारखं पाऊल टाकण्याची त्यांना सवय करवून घेतली होती. हातात जपमाळ, पण तिच्यात १०८ ऐवजी १०० मणी. दर शंभर पावलांना एक मणी ओढायचा. बघणाऱ्याला वाटे, यात्रेकरू जप करतोय. १८६६ च्या जानेवारीत ते अशा रीतीने ल्हासाला पोचले. भाऊजींनी ही गोष्ट सांगितल्यापासून ताई डाव्या मुठीत तुरीचे दाणे घेऊन रस्त्यावर चालायला लागली. शंभर पावलं झाली की एक दाणा पदराच्या गाठीत. घड्याळावरचा तिचा विश्वास उडाला तो उडालाच.

रस्त्यावर दगड सापडत नसतील, तर शिंप्याची टेप दीड मीटरची असते, तिने दहा वेळा मोजून पंधरा मीटर सुतळी कापा. सुतळी ताणू नका, ताणली की तीही लॅम्बटनच्या साखळीसारखी वाढते. अंगणात किंवा सोसायटीच्या आवारात ती सरळ अंथरून तिच्या कडेने चाला. अंतर थोडं असल्यामुळे पाच-सहा खेपा तरी करा आणि सरासरी काढा. चढावर मोजू नका, हातात भाजीची पिशवी घेऊन मोजू नका. आणि निघालेला आकडा तारीख घालून लिहून ठेवा. आमच्याकडे तो दुधाच्या हिशेबाच्या वहीत, शेवटच्या पानावर आहे.

फाल्गुनात मी पुन्हा गेले. बसच्या दोन्ही बाजूंना पळस पेटला होता. ताईने दार उघडलं तीच वही हातात घेऊन. व्यायाम नेमाने चालू होते, बूट आले होते, रस्त्यावरची भीती गेली नव्हती, पण भाऊजी काठी घेऊन बरोबर जात होते. दोनशे मीटरला ३६१ पावलं. पंचावन्न सेंटिमीटर. साखरेचा आकडा थोडा उतरला होता, अगदी हवा तितका नाही. डॉक्टर म्हणाले, आणखी तीन महिने बघू.

तिच्या मनात गिरडला जायचं होतं. गिरड समुद्रपूर तालुक्यातच आहे, तिथल्या टेकडीवर बाबा फरीदांचा दर्गा आहे आणि हिंदू-मुसलमान सगळेच तिथे जातात. आई आम्हाला लहानपणी न्यायची. पडल्यापासून ताईने टेकडीचं नाव काढलं नव्हतं. आम्ही गाडी करून पायथ्याशी गेलो आणि वर मात्र पायी. ताईची मूठ तुरीच्या दाण्यांनी भरलेली. मी म्हटलं, "अगं, चढावर मोजून उपयोग नाही." तरी तिचे ओठ हलतच होते.

गिरडच्या टेकडीवरचे गोल गोल खडे प्रसिद्ध आहेत, अगदी सुपारी, जायफळासारखे दिसतात. शास्त्रज्ञ म्हणतात, लाव्हाच्या खडकातल्या पोकळ्यांत साठलेली खनिजं आहेत. लोक म्हणतात, एका व्यापाऱ्याने फकिराची चेष्टा केली, तेव्हा त्याच्या मालाचे दगड झाले. लहानपणी आम्ही ते खडे परकराच्या ओच्यात भरून आणायचो आणि घरी आई ते अंगणात फेकून द्यायची. ताईने वाकून एक उचलला, गुडघा धरून पण आपली आपण, आणि तळहातावर फिरवत म्हणाली, "हा घे, तुझ्या अकोल्याच्या कुंडीत ठेव."

मग थबकली. "आता किती झाले होते व? तेराशे का चौदाशे?"

मला काय माहीत! मी मोजतच नव्हते. ती जरा वेळ चिडून उभी राहिली, मग मुठीतले उरलेले दाणे तिथल्याच चिमण्यांना टाकून दिले आणि माझ्या पुढे निघाली.